लाटणं आणि नियमांचं पुस्तक

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय तो मृणालताई गोरे यांच्या कारकिर्दीचा. पण तो आजच का दिलाय, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. आपल्यातल्या एका मैत्रिणीने येत्या निवडणुकीत तिच्या प्रभागातून उभं राहायचं मनात घेतलंय. उद्या सकाळी आपल्याला ठरवायचंय की गट म्हणून तिच्या पाठीशी उभं राहायचं की नाही. मघाशी चहाच्या वेळी दोन तट पडलेले मी पाहिले. एकीकडे ‘चळवळीतल्या बाईने त्या चिखलात जाऊ नये’ म्हणणाऱ्या, दुसरीकडे ‘मग चिखल काढणार कोण’ म्हणणाऱ्या. मी कुठल्या बाजूची आहे ते आधीच सांगून टाकते. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण मी कायम त्या बाजूची नव्हते. माझं मत बदलायला बरीच वर्षं लागली, आणि ते बदलण्यात मृणालताईंच्या कामाचा मोठा वाटा आहे.

सुरुवात घरापासून करते. आम्ही मालाडला एका चाळीत राहायचो. १९७३ साली मी बारा वर्षांची होते. दुष्काळ होता, रॉकेल मिळत नव्हतं, तेलाचा भाव ऐकून आई दुकानातून परत यायची. एक दिवस शेजारच्या दोघीतिघींबरोबर आई मोर्चाला निघाली. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि लाटणं. वडील म्हणाले, लाटणं कशाला? आई म्हणाली, वाजवायला. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता आणि ती हसत होती. आईला मोर्चातून हसत येताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे तिला मोर्चाला जातानाच पाहिलं नव्हतं. ते लाटणं पुढे अनेक वर्षं पोळ्यांसाठी वापरात होतं. एका टोकाला चीर गेलेली होती.

तो लाटणे मोर्चा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण गाण्यांत, पोस्टरवर, पथनाट्यांत तो कितीदा आणलाय. आणि मृणालताई म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात: लाटणं आणि पाणी. ‘पाणीवाली बाई’. हे नाव लोकांनी प्रेमाने दिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला त्या नावाची थोडी भीती वाटते. पुरुष पुढाऱ्याला आपण ‘लोहपुरुष’ म्हणतो, ‘जाणता नेता’ म्हणतो. बाईला पाणीवाली. जणू काही तिने हंडा डोक्यावर घेऊन घरोघर पाणी वाटलं. तिने काय केलं, कसं केलं, कुठल्या कागदावर केलं, कुठल्या सभागृहात कुठल्या नियमाखाली केलं, हे त्या नावाखाली बुडून जातं. मला आज तेवढंच काढून दाखवायचंय.

मृणालताईंचा जन्म १९२८ सालचा, माहेरच्या त्या मोहिले. डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी. राष्ट्र सेवा दलात आल्या, समाजवादी चळवळीत ओढल्या गेल्या, आणि वैद्यकीय शिक्षण मध्येच सोडून दिलं. १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न केलं, तेही आंतरजातीय. दोघांनी काम निवडलं ते गोरेगावात. तेव्हाचं गोरेगाव डोळ्यांपुढे आणा. ते मुंबईत नव्हतं! तिथे ग्रामपंचायत होती. मृणालताईंची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली ती या ग्रामपंचायतीपासून. १९५७ साली मुंबईची हद्द पार दहिसरपर्यंत वाढली आणि गोरेगाव महापालिकेत आलं. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, केशव गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीत होत्या. पदरात लहान मुलगी. त्या काळात अशा बाईसाठी समाजाने कोणती जागा राखून ठेवलेली असे, ते इथल्या वयस्कर मैत्रिणींना सांगायला नको. १९६१ साली मृणालताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

आता पाण्याचं सांगते, कारण मला वाटतं त्यातला खरा मुद्दा आपण नीट समजून घेतलेला नाही.

उपनगरांत तेव्हा कारखाने आले, माणसं आली, झोपड्या आल्या. झोपड्यांना नळ नव्हते. का नव्हते? पाणी कमी होतं म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. दुसरं अर्धं असं, की नळ देणं म्हणजे वस्तीला मान्यता देणं, अशी महापालिकेची समजूत होती. तुम्ही अनधिकृत आहात, तुम्हाला नळ दिला तर उद्या तुम्ही नळाचं बिल दाखवून जागेवर हक्क सांगाल. म्हणजे पाणी नाकारायचं कारण पाण्यात नव्हतंच, जमिनीत होतं. मृणालताईंनी महापालिकेत जे लढवलं ते हे, की या दोन गोष्टी वेगळ्या करा. जागा कोणाची हा एक प्रश्न. माणसाला तहान लागते हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवून ठेवता येणार नाही. झोपडपट्टीला पाणी देणं ही पालिकेने केलेली मेहेरबानी नाही, तिचं ते काम आहे.

आज हे ऐकताना साधं वाटतं. पण हा वाद संपायला किती काळ लागला पाहा. पुढे झोपडी कोणत्या तारखेपूर्वीची यावर सगळं लटकलं. आधी १९९५ची तारीख आली, मग २०००ची. त्यानंतर आलेल्यांना नळ नाही. शेवटी पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचं पाणी तोडता येत नाही, कारण पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि सगळ्यांना पाणी देण्याचं धोरण मुंबई महापालिकेने आणलं ते २०२२ साली. मृणालताई महापालिकेत गेल्या १९६१ साली आणि वारल्या १७ जुलै २०१२ रोजी. निकाल बघायला त्या नव्हत्या. पण प्रश्न ज्या शब्दांत कोर्टापुढे गेला, ते शब्द आधी मोर्च्यांत आणि पालिकेच्या सभागृहात घासूनपुसून झालेले होते.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला नंतर वॉर्ड ऑफिसच्या खेपा मारताना कळली. मोर्चा नेला की साहेब खाली येतात, निवेदन घेतात, चहा विचारतात. ‘बघतो’ म्हणतात. पुढच्या महिन्यात साहेब बदललेला असतो. सभागृहात मात्र प्रश्न विचारला की उत्तर लेखी द्यावं लागतं आणि ते उत्तर छापलं जातं. ठरावाची सूचना दिली की ती कार्यक्रमपत्रिकेवर येते. हरकतीचा मुद्दा काढला की कामकाज थांबतं आणि आयुक्तांना त्या विषयावर तोंड उघडावं लागतं. कोणत्या विभागात किती इंची जलवाहिनी, कुठे व्हॉल्व्ह, कोणाला किती तास पाणी, हे सगळं कागदावर असतं आणि तो कागद मागायचा हक्क नगरसेवकाला असतो. माहितीचा अधिकार आपल्याला मिळाला तो बराच नंतर. त्याआधी चाळीतल्या बाईला हा कागद बघायला मिळायचा तो केवळ तिच्या नगरसेवकामार्फत, आणि नगरसेवक धड असेल तर.

मृणालताईंकडे दोन्ही होतं. बाहेर हंडे घेऊन आलेल्या बाया आणि आत नियमांचं पुस्तक. बाहेरच्या बाया नसत्या तर आतल्या एकटीला कोणी विचारलं नसतं. आतली नसती तर बाहेरच्यांना पोलिसांच्या गाडीत घालून दोन तासांनी सोडून दिलं असतं, आणि झालं. यातलं आपण अर्धंच शिकलो. बाया जमवायला शिकलो. पुस्तक उघडायला नाही शिकलो.

बरं, या एकट्या नव्हत्या. अहिल्याताई रांगणेकर त्याच १९६१च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाकडून महापालिकेत आल्या आणि तब्बल एकोणीस वर्षं नगरसेविका राहिल्या. एकोणीस! आपल्याला एका कमिटीत दोन वर्षं बसायचं म्हटलं तर कंटाळा येतो. प्रमिलाताई दंडवते १९६८ साली आल्या. मृणालताई आणि प्रमिलाताई समाजवादी, अहिल्याताई मार्क्सवादी, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्याच. या पक्षांचं एकमेकांशी किती पटत होतं, हे तुम्ही त्या काळच्या कोणालाही विचारा. तरीही १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली ती या बायांनी मिळून केली. माझी आई गेली ती याच समितीच्या मोर्चाला. मला वाटतं हे जमलं, कारण सभागृहात या बाया रोज एकमेकींना पाहत होत्या. कोण अभ्यास करून येते, कोण नुसतंच बोलते, कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो, हे त्यांना माहीत होतं. ही माझी अटकळ आहे, कुठे लिहिलेलं नाही.

१९७२ साली मृणालताई विधानसभेत गेल्या. १९७५ साली आणीबाणी आली. त्या भूमिगत झाल्या, डिसेंबरात पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना एका कुष्ठरोगी बाईच्या आणि एका मनोरुग्ण बाईच्या शेजारच्या कोठडीत ठेवलं होतं. त्यात या दोन बायांनी एक शिक्षा म्हणून वापरलं जाणं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्या बायांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. अहिल्याताई आणि प्रमिलाताईही तुरुंगात होत्या.

मग १९७७ची निवडणूक. मृणालताई उत्तर मुंबईतून आणि अहिल्याताई उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेत गेल्या. तेव्हा घोषणा होती, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. आम्ही शाळेच्या रस्त्यावर ती ओरडायचो, अर्थ अर्धामुर्धा कळत होता. आता वाटतं, घोषणेतसुद्धा एका बाईला वर चढवायचं तर दुसऱ्या बाईला बुडवावं लागलं! असो. पण एक आकडा लक्षात ठेवा. १९७७च्या त्या लोकसभेत, सगळा देश लोकशाही परत आली म्हणून नाचत असताना, निवडून आलेल्या बाया होत्या १९. लोकसभेच्या इतिहासात इतक्या कमी कधीच नव्हत्या, आधीही नाही आणि नंतरही नाही. त्या १९ पैकी दोघी मुंबईच्या, आणि दोघीही नगरसेविका म्हणून घडलेल्या. १९८० साली अहिल्याताईंच्याच मतदारसंघातून प्रमिलाताई दंडवते निवडून आल्या. लोकसभेत त्यांनी हुंडाबंदीच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून विधेयक मांडलं, आणि पुढे बायांच्या आरक्षणासाठी अखेरपर्यंत धडपडल्या. म्हणजे मुंबई महापालिकेच्या सभागृहातून तीन बाया उठल्या आणि दिल्लीत जाऊन बसल्या. त्यांना कोणी वडिलांची गादी दिली नव्हती, की नवऱ्याची रिकामी खुर्ची.

आता मी एक गोष्ट बोलणार आहे, ती काहींना आवडणार नाही. मोरारजी देसाईंनी मृणालताईंना आरोग्यमंत्रीपद देऊ केलं होतं आणि त्यांनी ते घेतलं नाही. त्यांच्यावर लिहिणारे सगळे ही गोष्ट मोठ्या आदराने सांगतात. मीही पूर्वी सांगायची. आता सांगताना अडखळते. त्यांची कारणं त्यांच्याजवळ होती आणि ती खरी असणार. लोकांच्या प्रश्नांवर मोकळेपणाने भांडता यावं, असं त्यांना वाटत असेल तर ते मी समजू शकते. पण आपण टाळ्या का वाजवतो? बाईने सत्ता नाकारली की आपल्याला ती शुद्ध वाटते. घेतली असती तर? वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेली, झोपडपट्टीतल्या संडासापासून इस्पितळापर्यंत सगळं माहीत असलेली बाई देशाची आरोग्यमंत्री झाली असती तर काय झालं असतं? ते सरकार १९७९ साली पडलं, तेव्हा मिळाला असता तो काळ दोन-अडीच वर्षांचा. तरी मला ते बघायला आवडलं असतं. आपण आपल्या लाडक्या बायांचे त्याग मोजतो. त्यांनी काय मिळवलं असतं, ते मोजत नाही. मघाशी चहाच्या वेळी कोणीतरी म्हणालं, ‘आपली मैत्रीण खुर्चीसाठी हपापलेली नाही, म्हणून मला तिची काळजी वाटते.’ मला उलट वाटतं. थोडी हपापलेली असू दे की!

लोकसभा संपल्यावर मृणालताई १९८५ साली परत विधानसभेत आल्या. दिल्लीहून मुंबईला परत येणं म्हणजे खाली उतरणं, असं त्यांनी मानलं नाही. ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, लोकसभा, पुन्हा विधानसभा. काही काळ त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही होत्या. आणि आपल्या सगळ्यांच्या दृष्टीने त्यांचं सर्वांत मोठं काम, माझ्या मते, याच काळातलं आहे. लाटण्याचं नाही, पाण्याचंही नाही. गर्भलिंगचाचणीचं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. १९८५-८६ साल. मुंबईत गर्भलिंगनिदानाच्या विरोधात मंच उभा राहिला होता. त्यात बायांच्या संघटना होत्या, आरोग्याच्या क्षेत्रातले लोक होते, विज्ञान चळवळीतले होते. मी लोकलच्या लेडीज डब्यात पत्रकं वाटायचे, चर्चगेट ते बोरिवली. आजच्या मुलींना खोटं वाटेल, पण तेव्हा त्याच डब्यांत या चाचण्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या. आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. मी पत्रक दिलं की बाया आधी जाहिरातीकडे बघायच्या, मग पत्रकाकडे. एका बाईने मला विचारलं होतं, ‘हे दोन्ही एकाच दवाखान्याचं आहे का?’ एकीने पत्रक वाचून परत दिलं आणि म्हणाली, ‘मला चार मुली आहेत, तू माझ्या घरी येऊन राहा, मग बोल.’ मी काही बोलू शकले नाही. तिला काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही नक्की माहीत नाही.

आमच्याकडे राग होता, पोस्टर्स होती, पथनाट्य होतं. सरकारनेच करवून घेतलेली पाहणीही हाताशी आली. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं होतं. त्यांतले ८४ टक्के, म्हणजे बेचाळीस जण, लिंग ओळखण्यासाठी गर्भजलाची तपासणी करत होते. पण हे सगळं घेऊन जायचं कुठे? मोर्चाला मंत्री भेटतात, सहानुभूती दाखवतात. आम्हाला कायदा हवा होता, आणि कायदा मोर्चात होत नाही. मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. ‘अशासकीय’ म्हणजे सरकारने न आणलेलं, एका सदस्याने आपल्या जबाबदारीवर आणलेलं. अशी विधेयकं जवळजवळ कधीच मंजूर होत नाहीत, हे विधेयक मांडणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग मांडायचं कशाला? तर विषय सभागृहाच्या कागदावर येतो. सरकारला ‘आमचा विरोध आहे’ म्हणायची लाज वाटेल अशी वेळ आणता येते. मग सरकार म्हणतं, तुम्ही मागे घ्या, आम्हीच आणतो. तेच झालं. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा केला. देशातला असा पहिला कायदा. १९९४ साली केंद्राने केला, तो १९९६च्या सुरुवातीपासून लागू झाला.

हे सगळं गोड होतं असं नाही. १९८८चा कायदा हातात आला तेव्हा आमच्यातल्या अनेकजणी रडकुंडीला आल्या होत्या. खाजगी केंद्रांना बंदी करा म्हणत होतो, त्यांना नोंदणी करून परवाना देण्याची सोय केली होती. चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही दोषी धरण्याची वाट ठेवली होती. म्हणजे सासरच्यांनी फरपटत नेलेल्या बाईने दंडही भरायचा! आमच्या बैठकीत एकजण ओरडली, ‘बघा, सभागृहात गेलं की असंच होतं, आपलं पाणी घालून आपल्यालाच पाजतात.’ मी तिच्या बाजूने मान डोलावली होती. मलाही तसंच वाटत होतं.

आणि आकडे बघितले तर ती चुकीची होती असं कोण म्हणेल? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१च्या जनगणनेत ९४६ होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. कायदा होता आणि मुली कमी होत होत्या. पण त्याच कायद्याचा धागा धरून २००० साली सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, २००३ साली कायदा कडक झाला, सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी, कागदपत्रं, तपासण्या सुरू झाल्या. कायदाच नसता तर अंमलबजावणी करा म्हणून कोर्टात जायला जागाच नव्हती. अर्धा कायदा हा अर्धाच असतो, हे खरं. पण उरलेला अर्धा मागायला तो हातात लागतो. हे मला १९८८ साली कळलं नव्हतं.

१९९२ सालीही कळलं नव्हतं. ते आता सांगते.

१९९२ साली मुंबई महापालिकेत पहिल्यांदा बायांसाठी तीस टक्के जागा राखीव झाल्या. आमचा वॉर्ड राखीव झाला. वस्तीतल्या बाया माझ्या घरी आल्या, म्हणाल्या, तू उभी राहा, आम्ही पैसे काढतो. मी तेव्हा ज्या गटात काम करत होते, त्या गटाची बैठक झाली. ठरलं, की चळवळीतल्या बाईने निवडणुकीत पडू नये, गटाचं नाव वापरू नये. मी भांडले नाही. मनातून मला सुटल्यासारखंच वाटलं. आमच्या वॉर्डातून एका पक्षाने एका कार्यकर्त्याच्या बायकोला उभं केलं, ती निवडून आली. त्यानंतर कचऱ्याचं निवेदन घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो तर कागद घेतला नवऱ्याने, वाचला नवऱ्याने, शिक्का मारला नवऱ्याने. ती आतून चहा घेऊन आली. आम्ही बाहेर येऊन खूप हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

कारण पुढची गोष्ट अशी, की ती बाई दुसऱ्यांदाही निवडून आली. आणि दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा ती स्वतः टेबलाशी बसली होती, समोर स्थायी समितीचे कागद होते. नवऱ्याने मध्ये तोंड घातलं तर म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर बसा.’ गटार कुठे अडलंय हे तिला आमच्यापेक्षा नीट माहीत होतं. पाच वर्षांत ती ते शिकली, आणि कुठलीही बाईंची संघटना तिला शिकवायला गेली नव्हती. आम्ही नाव ठेवण्यात गुंतलो होतो.

मृणालताई निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाल्यावरही थांबल्या नाहीत. नागरी निवारा परिषदेचं काम, कमाल जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन बिल्डरांना न जाता साध्या माणसांच्या घरांना मिळावी म्हणून. दिंडोशीला सुमारे सहा हजार घरं उभी राहिली. गोरेगावचं केशव गोरे स्मारक तर आपल्यातल्या निम्म्या जणींना घरासारखं आहे, तिथल्या सतरंज्यांवर आपण किती बैठका केल्या. त्यावर आणखी एक भाषण होईल, आज नको.

आजचं थोडं बोलते. मुंबईत २०११ नंतर निम्म्या जागा बायांच्या झाल्या. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, ना बाई ना पुरुष. सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात वस्तीतल्या बायांबरोबर मी पाण्यासाठी तीनदा गेले. साहेब भेटले, चहा विचारला. सभागृहच नव्हतं, मग छापील उत्तर कुठून येणार? आणि दिल्लीत २०२३ साली बायांना एकतृतीयांश जागा देणारी १०६वी घटनादुरुस्ती झाली खरी, पण ती बांधलीय जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला. २०२४च्या लोकसभेत निवडून आल्या ७४ बाया. १९७७च्या १९ वरून ७४ वर यायला सत्तेचाळीस वर्षं.

आपल्या मैत्रिणीला मी कालच म्हटलं, की तू हरण्याची शक्यता जास्त आहे. तिच्याकडे पैसा नाही, जात मोजणारे मोजतील, घटस्फोटित आहे म्हणून बोलणारे बोलतील, आणि त्यांतले दोन-चार तर आपल्याच वस्तीतले असतील. ती म्हणाली, ‘हरले तर परत नळावरच भांडायचंय ना, ते तसंही करतेच आहे.’ तिला कायद्याचं काही माहीत नाही, हेही खरं. मला तरी कुठे माहीत होतं?

म्हणून उद्याच्या बैठकीआधी एक काम. मी येताना महानगरपालिका अधिनियमाची माझी जुनी प्रत आणली आहे. पुठ्ठा सुटलाय, मधली काही पानं चिकटपट्टीने लावली आहेत. नगरसेवकाला प्रश्न विचारायचा अधिकार कुठल्या कलमाने मिळतो, स्थायी समिती काय करते, खर्चाला मंजुरी कोण देतं, एवढी तीन-चार कलमं तरी आज रात्री मोठ्याने वाचू या. ज्यांचा उभं राहण्याला विरोध आहे त्यांनी तर नक्की यावं. अनामत रकमेसाठी मी एक डबाही ठेवलाय, पण तो उद्याचा निर्णय झाल्याशिवाय उघडायचा नाही, तेव्हा आत्ता त्यात कोणी काही टाकू नका. जेवणं आटोपली की वरच्या खोलीत बसू. तिथला दिवा मंद आहे, चष्मे घेऊन या.